एका रात्रीत, नाव न सांगता

गेल्या चैत्रात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आत्याने एक रील टाकली. चाळीसेक सेकंदांची. एआयने बनवलेले पाच पांडव, पाचही थेट जिममधून आल्यासारखे, विजांच्या कडकडाटात डोंगर फोडतायत. भीम गदेने कातळ उडवतोय, अर्जुन बाण मारून खांब कोरतोय. पहाट व्हायच्या आत डोंगरातून तयार देऊळ बाहेर येतं, कळसासकट, रंग दिलेलं. मग आकाशभर आईचा चेहरा आणि खाली मजकूर, की कार्ल्याच्या एकवीरा आईचं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं. ग्रुपवर सतरा जणांनी हात जोडले. मीही जोडले.

हात जोडून झाल्यावर मात्र मला त्या रीलचा राग आला. तो नेमका कशाचा होता हे कळायला चार-पाच महिने गेले. हा लेख त्या रागाबद्दल आहे.

आधी माझी बाजू सांगून ठेवतो, म्हणजे नंतर भांडताना सोपं जाईल. मी रबाळ्याचा. स्टेशनजवळच्या टॉवरमधला नाही, गावठाणातला, आगरी. काम ऐरोलीत, सॉफ्टवेअरचं. आमच्याकडे घरात काहीही चांगलं झालं, लग्न ठरलं, गाडी घेतली, पोरगं बारावीला पास झालं, की टेम्पो काढायचा आणि आईला जायचं. ‘आईला’ एवढंच म्हणायचं; कुठल्या, ते कुणी विचारत नाही. चैत्र शुद्ध सप्तमीला पालखी असते, आदल्या दिवशी शेजारच्या देवघरला आईचा भाऊ काळभैरवनाथ याची. ठाण्यापासून उरण-अलिबागपर्यंतचे आगरी-कोळी त्या दोन दिवसांत घाटावर असतात. मी पाच वर्षांचा असल्यापासून त्या पायऱ्या चढतोय. त्यामुळे ‘श्रद्धा नाही म्हणून बोलतोय’ ही कमेंट कृपया करू नका.

तर दंतकथा. रीलवाल्याने अर्धीच सांगितली. आजीकडून मी ऐकलेली पूर्ण गोष्ट अशी: पांडव वनवासात फिरत फिरत या डोंगरावर आले. तिथे त्यांना आई दिसली. तिने त्यांची परीक्षा घेतली, माझं देऊळ बांधा, पण एका रात्रीत. त्यांनी बांधलं. आई प्रसन्न झाली आणि तिने वर दिला, की तुम्ही अज्ञातवासात असताना तुम्हाला कुणी ओळखणार नाही. इथे गोष्ट संपते.

रीलमध्ये वर नाही. परीक्षा नाही, वनवासही नाही. फक्त स्नायू आणि वीज. चाळीस सेकंदांत काय काय मावणार, हे मला कळतं. मीही दिवसभर लोकांच्या फोनच्या पडद्यावर काय मावेल याचाच विचार करतो. पण काय कापायचं हा निर्णयच सांगणाऱ्याची समज उघडी पाडतो. या माणसाने गोष्टीतला चमत्कार ठेवला आणि तो कशासाठी केला ते फेकून दिलं.

‘एका रात्रीत’ हा भाग तसाही कार्ल्याचा स्वतःचा नाही. महाराष्ट्रात जिथे जिथे जुना, मोठा, कुणी केला ते ठाऊक नसलेला दगड आहे तिथे तिथे पांडव पोचलेत. नाशिकच्या लेण्यांना लोक सरळ पांडवलेणीच म्हणतात. आमच्यापासून तासाभरावरच्या अंबरनाथच्या शिवमंदिराचीही हीच गोष्ट सांगतात, पांडव आणि एक रात्र. त्या मंदिरात शिलालेख आहे, त्यावर शके ९८२ असा आकडा आहे, म्हणजे साधारण १०६० साल, आणि शिलाहार राजा माम्वाणीचं नावही आहे. तरी गोष्ट हलत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर हे टेम्पलेट आहे. गावाचं नाव बदला, चालवा.

मी पण आधी तेच केलं जे इंजिनियर करतो, हिशोब. कार्ल्याला डोंगरात जे कोरलंय त्यात सगळ्यात मोठं आहे ते चैत्यगृह, बौद्ध भिक्षूंचं प्रार्थनेचं दालन. लांबी सुमारे ३८ मीटर, रुंदी आणि उंची १४ मीटरच्या आसपास. छत कमानदार, बाजूच्या वाटा बुटक्या, ते वजा केलं तर माझ्या कच्च्या अंदाजाने पाचेक हजार घनमीटर बेसॉल्ट काढावा लागला असेल, म्हणजे चौदा हजार टनांच्या घरात. पाच माणसं, बारा तासांची रात्र. प्रत्येक पांडवाला दर मिनिटाला जवळजवळ चार टन दगड काढून बाहेर टाकावा लागेल. चार मिनिटांना एक डंपर. बाहेर टाकलेला दगड कुठे गेला, हा प्रश्न वेगळाच.

हा हिशोब मी ग्रुपवर टाकला. आत्याने उत्तर दिलं, ‘म्हणूनच ते पांडव.’

तिचं बरोबर होतं. गोष्टीला एस्टिमेट लावून गोष्ट खोटी पडत नाही. पुराणकथेवर अशी गणितं करणारे लेख तुम्हीही वाचले असतील. ते वाचून कुणाचीही श्रद्धा कमी झालेली मी पाहिली नाही, आणि गोष्ट समजलेलीही पाहिली नाही. आत्यापुढे मी हरलो आणि विषय सोडला.

तो परत वर आला ऑगस्टमध्ये. टीममधल्या चौघांनी शनिवारी कार्ल्याला जायचं ठरवलं. पाऊस, धुकं, पायऱ्यांवरून वाहणारं पाणी, दोन्हीकडे पेढे, नारळ, खणाची ओटी आणि प्लास्टिकच्या बंदुका विकणारी दुकानं. अर्ध्या वाटेवर पाच पायरीला मी सवयीने टेकलो. आमच्यातली एक मैत्रीण कल्याणची, बौद्ध. तीही इथे लहानपणापासून येते, आईवडिलांबरोबर. दोघंही वर्षानुवर्षं एकाच डोंगरावर येत होतो, आणि एकाच ऑफिसात तीन वर्षं बसूनही हे एकमेकांना ठाऊक नव्हतं.

वर पोचल्यावर तुम्ही अंगणात उभे राहता. समोर चैत्यगृहाचं तोंड. डावीकडे उंच सिंहस्तंभ, उजवीकडे आईचं देऊळ. तिथेही पूर्वी दुसरा स्तंभ असावा असं मानलं जातं. देवळाची रांग आणि लेण्याचं दार यांत वीसेक पावलांचं अंतर. मी रांगेत शिरलो, ती लेण्यात गेली. दीड तासाने मी बाहेर आलो, कपाळाला हळद, हातात प्रसाद. ती सिंहस्तंभाशी बसली होती. मी फुशारकीने तिला पांडवांची गोष्ट सांगितली, आजीची, वरासकट. तिने शांतपणे ऐकली आणि विचारलं, ‘मग तुझ्या गोष्टीत आम्ही कुठे आहोत?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच नाहीत. चैत्यगृह, त्यातला स्तूप, भिक्षूंच्या खोल्या, हे सगळं त्या गोष्टीत एका ‘बांधलं’ या क्रियापदात गिळून टाकलंय. पायथ्याच्या गावाचं नाव वेहेरगाव, त्यात ‘विहार’ अजून ऐकू येतो. गोष्टीत तेवढाही नाही.

मग ती मला आत घेऊन गेली. मला लाज वाटते सांगायला, पण तेवीस वर्षं इथे येऊन मी चैत्यगृहात नीट दोनदाच गेलो होतो, दोन्ही वेळा पाऊस चुकवायला. तुम्ही गेला नसाल तर जा, आणि डोळ्यांना दोन मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या. वर छताला लाकडी कमानी आहेत. दगडी छताला लाकडाची काही गरज नाही, तरी त्या बसवल्यात, कारण कोरणाऱ्यांच्या डोक्यातली इमारत लाकडाची होती. त्या मूळच्या आहेत. दोन हजार वर्षांचं लाकूड, मावळातल्या पावसात. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा कोरीव खांब, त्यांच्या माथ्यावर हत्ती आणि हत्तींवर बसलेली जोडपी. स्तूपामागे सात साधे अष्टकोनी खांब. दारावरच्या मोठ्या कमानीतून उजेड येतो आणि थेट स्तूपावर पडतो.

आणि खांबांवर अक्षरं. ब्राह्मी लिपीत. मैत्रिणीने फोनचा टॉर्च तिरपा धरला तेव्हा ती वर आली. लेणी बघायला निघाला असाल तर ही युक्ती लक्षात ठेवा: टॉर्च समोरून मारला की काही दिसत नाही, बाजूने मारला की दगड बोलायला लागतो.

घरी येऊन मी ते लेख शोधले. एमिल सेनार या फ्रेंच अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘एपिग्राफिया इंडिका’त त्यांचं वाचन छापलंय, आणि आज ते फोनवर कुणालाही वाचता येतं. वाचून मी दोन रात्री झोपलो नाही. हे देणगीदारांचे बोर्ड आहेत! आमच्या गावच्या देवळात पंख्यावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ लिहिलेलं असतं, तस्से. वैजयंतीचा शेठ भूतपाल म्हणतो की हे शैलगृह आपण पुरं केलं आणि जंबुद्वीपात याच्याइतकं उत्तम दुसरं नाही. (बिल्डरच्या होर्डिंगची भाषा दोन हजार वर्षांत बदललेली नाही.) सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचा. धेनुकाकट नावाच्या गावचे तर ढीगभर लोक, त्यांत एक अत्तरवाला, ज्याने दार दिलं, आणि कितीतरी यवन, म्हणजे पश्चिमेकडून आलेले परदेशी; त्यातल्या एकाचं नाव सिहधय. महादेवणकाची आई भायिला, तिचंही दान आहे. आईच्या अंगणात एका आईचं नाव दोन हजार वर्षं कोरलेलं, आणि आम्ही तिच्यासमोरून नारळ घेऊन जातोय, रांग कुठपर्यंत आली बघत.

एका खांबावर सोपाऱ्याच्या माणसाचं नाव आहे. सातिमित. तो भाणक होता, म्हणजे बुद्धवचनं पाठ म्हणणारा. त्याने एक खांब दिला, त्यात पवित्र अवशेष ठेवून. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा. विरार लोकलमधलं नालासोपारा.

आता परत गोष्टीकडे. एवढी नावं भिंतीवर लिहिलेली असताना लोकांनी पांडव का आणले? सोपं उत्तर असं की ती वाचता येत नव्हती. ब्राह्मी वाचायची विद्या मधल्या काळात विसरली गेली होती. जेम्स प्रिन्सेपने ती उलगडली १८३७ च्या सुमारास. त्याआधीच्या हजारेक वर्षांत जो गुराखी, जो कोळी, जी लेकुरवाळी या अंगणात उभी राहिली तिला समोर दिसत होतं ते असं: माणसाने केलेलं असणार, पण कुठल्या माणसाने हे सांगायला कुणीच उरलेलं नाही. अक्षरं आहेत, पण मुकी. अशा वेळी गोष्ट रचणं हा अडाणीपणा नाही. समोरच्या कामाला न्याय देईल असा कर्ता शोधणं आहे ते.

रागाचा पहिला धागा मला इथे सापडला. आजीच्या गोष्टीला ‘माहीत नव्हतं’ ही सबब आहे. रीलवाल्याला नाही. त्याच्या हातात जो फोन आहे त्यावरच सातिमित आहे.

पण इथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता: शिलालेख खरे, दंतकथा खोटी, चला. काही दिवस मी याच मतावर होतो. मग मी ते लेख पुन्हा वाचले, या वेळी देणाऱ्यांचे सोडून करणाऱ्यांचे शोधत. सामी नावाचा एक सुतार आहे, धेनुकाकटचा, त्याने दरवाजाचं काम केलं. असं एखाद-दुसरं नाव. बाकी सगळे देणारे. ज्यांनी छतापासून सुरुवात करून खाली खाली येत, चुकला घाव परत घेता येत नाही अशा दगडात, हे दालन मोकळं केलं, त्या पाथरवटांचं नाव कुठेच नाही. चौदा हजार टन दगड अनामिकांनी वाहिला. आमच्या कामात चूक झाली तर आधीची आवृत्ती परत आणता येते. तिथे एका हत्तीची सोंड तुटली की तुटली. इतकं नेमकं काम करणाऱ्यांना स्वतःचं नाव कोरायला छिन्नीचे दहा घाव पुरले असते, छिन्नी त्यांच्याच हातात होती, आणि कोरलं त्यांनी दुसऱ्याचं.

आणि मग मला आजीच्या गोष्टीचा शेवट आठवला. तुम्हाला कुणी ओळखणार नाही.

गोष्ट परत नीट बघा. जगातल्या सगळ्या राजांनी देवळं बांधून नाव कमावलं. या गोष्टीतले बांधणारे लपून फिरणारे आहेत. ते राजे आहेत, पण राज्य गेलंय. लवकरच त्यांना विराटाच्या घरी नाव बदलून नोकरी करायची आहे: एकजण आचारी होणार, एक नाच शिकवणार, एक घोडे सांभाळणार, एक गाई, द्रौपदी राणीची वेणीफणी करणार. ते काम रात्री करतात, म्हणजे कुणी बघत नसताना. आणि मजुरी म्हणून मागतात काय, किंवा मिळतं काय? काम राहील, नाव राहणार नाही, हे वचन. लेण्यात उभं राहून ज्यांना कर्त्याचं नाव सापडलं नाही त्यांनी अशी गोष्ट रचली जिच्यात नाव न सापडणं हाच मुद्दा आहे. शिलालेखात ज्यांना जागा मिळाली नाही त्यांचा आकार, नाव नसलेला, या गोष्टीत जसाच्या तसा उरलाय.

हे गोष्ट रचणाऱ्यांच्या मनात होतं का? मला त्याने फरक पडत नाही. लोककथेचा लेखक एक नसतो. पिढ्यान् पिढ्या जे भाग तोंडात टिकतात ते कशाला तरी लागतात म्हणून टिकतात. वर टिकला, कारण त्याच्याशिवाय कार्ल्याच्या दगडाचं कोडं सुटत नाही. आणि रीलने नेमका तोच कापला. पाच अनोळखी मजुरांची गोष्ट घेऊन तिची पाच हिरोंची जाहिरात केली. माझ्या रागाचा दुसरा धागा हा, आणि पहिल्यापेक्षा जाड.

गोष्टीतली एक खोट मात्र मी झाकणार नाही. पांडवांचा अज्ञातवास एका वर्षाचा होता. वर्षाने ते बाहेर आले, नाव परत घेतलं, युद्ध जिंकलं. ज्यांचं नाव कधीच बाहेर येणार नसतं त्यांच्यासाठी ‘तुम्हाला कुणी ओळखणार नाही’ हा वर कसा? आजीला विचारलं तर ती म्हणाली, ‘आय देते ते घ्यायचं.’ आणि मैत्रिणीचा प्रश्न तर तसाच राहतो. पाथरवटांना ही गोष्ट आडून का होईना जागा देते. भिक्षूंना आडूनही देत नाही. मजुरांचं नाव लिहायचं राहून गेलं, बौद्धांचं लिहिलेलं झाकलं गेलं. या दोन्हींना मी एकाच मापाने मोजू शकत नाही.

दामोदर धर्मानंद कोसंबींचा या ठिकाणी आधार वाटतो. पेशाने गणिती, आणि सुट्टीच्या दिवशी पायी याच डोंगरवाटा तुडवणारे. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) या पुस्तकात त्यांनी मातृदेवतांची ठाणी आणि जुन्या वाटांचे तिठे यांचा संबंध जोडून दाखवलाय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की किनाऱ्यावरून घाट चढून येणाऱ्या वाटांवर माणसं जिथे भेटत, थांबत, तिथे आधीपासून देवीची ठाणी होती, आणि भिक्षूंनी लेण्यांसाठी अशाच जागांच्या जवळपासचे कातळ निवडले. हे अनुमान आहे, खटला जिंकायचा पुरावा नाही. पण त्याने प्रश्न बदलतो. ‘आधी कोण’ याऐवजी ‘इथे सगळेच का थांबले’ असा होतो. बोरघाट चढून आलं की पहिली सपाटी इथली. कल्याण आणि सोपाऱ्याचा माल याच बाजूने वर जायचा. समुद्राच्या लोकांची देवी डोंगरावर कशी, हे मला लहानपणापासून कोडं होतं. नकाशा उघडला तर कोडं उरत नाही. समुद्राचे लोक दोन हजार वर्षांपूर्वीही इथे येतच होते, खांब देत होते.

कोळीगीतांना हे पांडववाल्यांपेक्षा जास्त कळलंय. मला पाठ असलेल्या एकाही आईच्या गाण्यात पांडव नाहीत. कुणी बांधलं याची त्या गाण्यांना पडलेलीच नाही. होडी, डोंगर, पायऱ्या, नवस, जायचंय, कोण कोण येणार; सगळं जाण्याचं. हल्ली त्यावर डीजेचा असा काही थर चढतो की शब्द ऐकू येत नाहीत, तरी चाल अजून पायऱ्या चढतानाच्या दमाची आहे. रेणुकेशी, परशुरामाच्या आईशी, एकवीरेला जोडणारी पोथ्यांतली कथाही आहे. ती आमच्या घरात कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

आता जाड धाग्याचं दुसरं टोक, ते घरात आहे.

रबाळ्याच्या मागे डोंगर आहे. पावसाळ्यात पोरं घणसोलीच्या बाजूने गवळीदेवच्या धबधब्यावर जातात तोच. त्याच्या कडा तुम्ही ठाणे-बेलापूर रोडवरून पाहिल्या असतील, केकचा तुकडा कापून घ्यावा तशा. तिथे दगडखाणी होत्या. गावाची भातशेती आणि मिठागरं कारखान्यांखाली आणि शहराखाली गेल्यावर माझे आजोबा खाणीवर कामाला लागले. दगड फोडायचे वडार, बायकापोरांसकट. आजोबा खडीचे ट्रक भरायचे. घमेल्याने, दिवसाला किती ते त्यांनी कधी मोजलं नाही, ट्रकवाला मोजायचा. ते लिहायला शिकले नव्हते. पण वाशीच्या खाडीपुलावरून बस चालली की न चुकता म्हणायचे, ‘या पुलात आपली खडी हाय.’ लहानपणी मला त्याची लाज वाटायची, कारण बसमधले लोक वळून बघायचे. खडी खरंच त्या पुलात गेली होती का, हे तपासायचा मार्ग नाही. त्यांचा शिलालेख एवढाच होता, आणि तो ते तोंडाने कोरायचे.

नवी मुंबईचीही एक जन्मकथा आहे. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, आणि शहर उभं राहिलं. नावं खरी, काम मोठं, यात वाद नाही. पण शाळेत आम्हाला ही गोष्ट अशी सांगितली गेली की इथे काही नव्हतं आणि मग नियोजित शहर आलं. ९५ गावं होती. आमचे सर हे शिकवत होते ती शाळा त्यातल्याच एका गावात होती. एका रात्रीत शहर. म्हणून रीलमधला तो तयार, रंग दिलेला कळस डोंगरातून आपोआप वर येताना पाहिला तेव्हा माझ्या पोटात जे ढवळलं ते मला नंतर ओळखीचं वाटलं.

रील करणाऱ्यांना माझं सांगणं फार नाही. पांडव ठेवा, आम्हाला ते आवडतात. गदेने दगड फुटतो पण कोरला जात नाही, तेवढं भीमाच्या हातात छिन्नी द्या. आणि शेवटचे पाच सेकंद वराला द्या.

गेल्या रविवारी आजीला फोनवर त्या खांबाचा फोटो दाखवला. तिला गुडघ्यांमुळे आता पायऱ्या होत नाहीत. तिने बोटाने पडदा चोळला, फोटो मोठा झाला, अक्षरं अंगावर आली.

‘काय लिवलंय?’

म्हटलं, सोपाऱ्याचा एक माणूस होता, सातिमित नावाचा. त्याने हा खांब दिला. दोन हजार वर्षं झाली.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘आगरी व्हता का?’

म्हटलं, आजी, तो बौद्ध होता. भिक्षूंतला. पाठ म्हणायचा.

‘सोपाऱ्याचा ना?’ तिने फोन माझ्या हातात परत दिला. ‘मग खारीवरचाच.’